दादाला दिलेला शब्द

दादाने आपणहून दुसऱ्यांदा आमटी वाढून घेतली, तेव्हा शरयूच्या काळजात धस्स झाले.

वहिनी गेल्यापासून तो पानावर नुसता बसून उठत असे. कवटी न उघडता, ध्वनिलहरी मेंदूत खोल सोडून दुःखाची धार बोथट करण्याचा उपचार त्याने बहिणीच्या हट्टाखातर स्वीकारला. पण पुढच्या सत्रांची संमती तिच्या हाती ठेवून. "तुझी वहिनी आता या दुःखातच काय ती उरलीये. उद्या मीच म्हणालो, आणखी कमी करा, तर ऐकू नकोस. तो मी नसेन." शरयूने तसा शब्द दिला होता.

आज तोच बोटे चाटत विचारत होता, "पुढचं सत्र सोमवारी ना?"

तिने त्या शब्दाची आठवण करून दिली. तो मोकळेपणी हसला. "अगं वेडे, तो आजारी माणूस होता. त्याचं काय मनावर घेतेस?"

या हसण्यासाठी तिने वर्षभर देव पाण्यात ठेवले होते. तिने डॉक्टरांना फोनवर होकार कळवला.

आत दादा शीळ घालत हात धूत होता. तिच्या शब्दावर विसंबलेला भाऊ आज गेला होता, आणि त्याचे सुतक तिला एकटीलाच पाळायचे होते.