आगबोटीचा कप्तान

धरमपेठेतल्या देवरावांनी लेकीला पाहायला पाहुणे येणार म्हणून भंगारवाल्याकडून जुन्या लढाऊ आगबोटीचं भलंमोठं चित्र आणून बैठकीत टांगलं. धुराडं, शिडं, तोफा, सगळं होतं त्यात.

"ह्या जहाजाचे कप्तान माहे आजोबा होते," त्यांनी मुलाच्या वडिलांना ऐटीत सांगितलं. आजोबा अंबाझरीच्या तळ्यात पाय घालायलाही भीत, हे ठाऊक असलेल्या त्यांच्या बायकोनं, जिजाबाईंनी, तोंडाला पदर लावला.

पाहुण्यांनी चष्मा चढवून चित्र बारकाईनं निरखलं. यांना जहाजातलं कळत असलं तर सोयरीक गेली, या धास्तीनं देवरावांनी घाईघाईनं पोह्यांची बशी पुढे केली.

"पोरगी पसंत आहे, देवरावजी," पाहुणे म्हणाले.

 

मग चष्मा उतरवत ते हळूच म्हणाले, "आमच्या थोरल्याचं लग्न जमेपर्यंत हे चित्र आमच्याच बैठकीत होतं. तवा कप्तान माहे आजोबा होते."