गौरीच्या साडीचा काठ

"नाही हो. याची वेल उलटी आहे," सुलक्षणा म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की दुकानदाराला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

चंद्रप्रकाशशेठनं तेही रीळ बाजूला सारलं. काउंटरवर सोनेरी लेसचा ढीग झाला होता. मागं बायकांची दाटी होती. कुणाला हुक हवे होते, कुणाला मखराची झालर.

"ओ बाई, आटपा ना! उद्या गौरी येतायत, गौरी," मागून एकजण करवादली.

उद्या गौरी येतायत. दुसरं काही सुलक्षणाला सुचतच नव्हतं.

रुमालात बोटभर तुकडा होता. हिरव्या रेशमावर सोनेरी वेल, आणि कडेला वितळून झालेला काळा गोळा. सासूच्या सासूची साडी ती. वर्षातून एकदाच ट्रंकेतून निघायची, गौरीला नेसवण्यापुरती. सहदेवशी लग्न होऊन सुलक्षणा घाटकोपरच्या चाळीत आली, तिची ही पहिलीच गौर. म्हणजे पहिला ओवसा. नव्या सुनेनं सुपं भरून गौरीपुढं ठेवायची आणि अख्ख्या चाळीनं ते बघायला यायचं. "मालनकाकूंच्या गौरीच्या साडीला एवढ्या वर्षांत साधा डाग नाही," असं शेजारणी तिच्या सासूबद्दल सांगत असत.

साडी हातात देताना सासूनं एवढंच बजावलं होतं, "वाऱ्यार टाक. इस्त्री मात्र फिरवू नको हां."

काठावर एके ठिकाणी चुणी होती. सुलक्षणानं हातानं दाबून पाहिली, तांब्या ठेवून पाहिला. जाईना. उभ्या चाळीसमोर गौर चुरगळलेल्या काठानं बसणार? काल संध्याकाळी सासू देवळात कीर्तनाला गेली आणि हिनं इस्त्री तापवली. फक्त टेकवायची होती. टेकवली, आणि चर्र झालं.

जळक्या जागेच्या कडेचा बोटभर तुकडा नमुन्यासाठी कापून घेतला आणि जळकी बाजू घडीत लपवून तिनं साडी परत ठेवली. सकाळी "रांगोळी आणते" म्हणून निघाली. घाटकोपरात सगळ्या दुकानदारांनी नकाराची मान हलवली, म्हणून मुलुंडला आली.

शेठनं तो तुकडा उजेडात धरला. उलटा केला, नखानं खरवडला.

"ताई, हा साडीचा काठ नाय. ही लेस हाय, वरनं लावलेली. खरी जर अशी वितळते काय? बघा ना, टाके पण हाताचे हायेत."

सुलक्षणाच्या कानावर शब्द पडले, आत काही गेले नाहीत. "मिळेल की नाही, तेवढं सांगा शेठ."

"जुना माल. आता कुठे मिळते?"

परतताना बसमध्ये खिडकीची जागा मिळूनही तिला बाहेरचं काही दिसलं नाही. गिरण्यांचा संप झाला, सासऱ्यांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही, आणि ती कायमची बंद झाल्याचं कळलं ते नेमकं सुलक्षणा माप ओलांडून घरात आली त्या महिन्यात. तेव्हा कुणी काही बोललं नव्हतं. आता बोलतील. पांढऱ्या पायाची म्हणतील. पहिल्याच ओवशाला देवीचं वस्त्र जाळलं म्हणतील. आणि देवी? तिनं मनातल्या मनात हात जोडले. पण काय मागायचं तेही तिला कळेना.

ती चाळीचा जिना चढून वर आली. दार उघडंच होतं. देवापुढं समई लावलेली. सासू पाटावर बसली होती आणि मांडीवर साडी होती. जळकी बाजू वर.

"रांगोळी खंय हा?" सासूनं विचारलं.

सुलक्षणानं रुमाल उघडून तुकडा सासूपुढं ठेवला.

"चुणी पडली होती आई. तेवढ्याच जागी... तुम्ही नको म्हणाला होता. आता गौर कोपेल ना हो?"

सासूनं तुकडा उचलून साडीच्या काठाला लावून पाहिला. मग म्हणाली, "काल बुवा काय सांगी होते, ऐकूक होया होतंस. गौर म्हायेराक येता गो. लेक घराक इली की आयेचा तोंड बघता, साडयेचो काठ नाय बघणा."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. फळीवरून बिस्किटांचा जुना डबा काढला. त्यात बटणं होती, हुक होते, गंजलेल्या सुया होत्या. अगदी तळाशी पुठ्ठ्याला गुंडाळलेली सोनेरी लेस होती.

सुलक्षणानं ती समईजवळ नेली. वेल सुलटी होती. पानन् पान तेच.

'वरनं लावलेली.' शेठचं बोलणं आता कुठं तिच्या आत पोचलं. तिनं साडी ओढून घेतली, काठ उलटा केला. वितळलेल्या लेसखाली रेशमाला रुपयाएवढं भोक होतं. कडा जुन्या, करपलेल्या. भोवती हाताचे बारीक, घाबरे टाके. चुणी पडत होती ती त्यांच्यामुळं.

"निखाऱ्याची इस्त्री होती तेव्हा," सासू म्हणाली. "माझी पण पयलीच गौर. मी पण अशीच भियालंय."

"मग सासूबाई काय म्हणाल्या तुमच्या?"

"तेंका कळला तर ना!"

इतका वेळ अडवून धरलेलं रडू सुलक्षणाला आलं ते हसण्याच्या आधारानं आलं. सासूनं लागेल तेवढी लेस कापली, सुई ओवून सुनेच्या हाती दिली. उरलेली लेस पुन्हा पुठ्ठ्याला गुंडाळली, पण डब्यात टाकली नाही. सुलक्षणाच्या ओंजळीत ठेवली.

"ही जपान ठेव," ती म्हणाली. "तुका पण सून येतली."