घंटेचा बोया

ऋताचं जहाज धुक्यात नाहीसं झालं, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून मी झाशीत बसून, कुणालाही भर घालता येते अशा इंटरनेटवरच्या नकाशावर समुद्रातल्या खुणा नोंदवतो. दीपस्तंभ, तरंगते बोये. लोक हसतात, हसू देत. लेकीसाठी हातात एवढंच उरलंय.

काल दुपारी घंटेचा एक बोया, धुक्यात जहाजांना आवाजानं वाट दाखवणारा, चुकून खंडेराव गेटपाशी, आमच्याच घरावर मांडला गेला. नकाशा उघडला की आधी आमचं घरच समोर येतं. तो समुद्राकडे सरकवायचा राहिला आणि मी जेवायला उठलो.

पहिल्या घासालाच घंटा सुरू झाली.

"अहो, ही कुठली घंटा? आरतीची तर वेळ नाही," नीरजा म्हणाली.

खालच्या दुकानातून गुप्ताजींनी हाक मारली, "सुबोधजी, ये घंटी आपके यहाँ बज रही है क्या?"

ती कुणी हातानं वाजवत नव्हतं. एक टोला, मग बराच वेळ काही नाही, मग घाईघाईनं दोन. लाटेवर बोया डोलला की वाजते, तशी.

मी घाबरलो. उष्ट्या हातानंच ती खूण पुसून टाकली.

घंटा थांबली. मग जिन्याखालून, अगदी जवळून, ऋताचा आवाज आला.

"बाबा, घंटा का थांबली? आता कुठे वळू?"