मथुराचा गुरुवार

मथुरा गेली त्या दिवशी शेजारीण रडता रडता बोलून गेली, “आता गुरुवारी दवाखान्यातल्या समुपदेशक मॅडमकडं माह्यासंगं कोण येईन?” तेव्हा कुठे भीमराजला कळलं, की बायको बाजाराच्या नावाखाली मन मोकळं करायला जात होती.

बोंडअळीनं खाल्लेल्या कपाशीत तसंही काम उरलं नव्हतं. आठवड्यानं तो नेरच्या दवाखान्यात मॅडमसमोर जाऊन बसला.

“मथुरा माह्याबद्दल काय म्हणे?”

“ते सांगता येत नाही, काका.”

“अवं, ते तर गेली आता!”

“माणूस गेलं तरी गुपित त्याचंच. कायदा आहे.”

“घोरतो म्हणे का?”

मॅडम नुसत्या हसल्या.

“मंग तुमचं गुपित कधी फुटतच नाही?”

“कोणाच्या जिवाला धोका असला, तरच. मग घरच्यांना कळवावं लागतं.”

भीमराजनं मांडी ठोकली. “मंग लिहून घ्या, मी आजच जीव देतो. सांगा आता!”

मॅडमनी शांतपणे फोन लावला. “पायल, बाबांकडं आजच ये.”

“अवं बाई, गंमत केली मी!”

संध्याकाळच्या गाडीनं पुसदहून लेक आली. तिनं आधी फवारणीचं औषध घराबाहेर काढलं, मग चहा ठेवला.

“तुहा नंबर त्याईले कोणं देल्ला?” भीमराज कुरकुरला.

“आईनं. म्या विचारलं, कायले देल्ला? तर म्हणे, माह्यासाठी नाही, तुह्या बाबासाठी.”

भीमराजचा चहा निवून गेला. घोरण्याचं उत्तर मात्र अजून मिळायचंच आहे.