शेवटचा हात

गाडी पुन्हा बसली होती. पाचव्यांदा. तीन चाकांवर ताठ आणि मागच्या डाव्या चाकावर पार टेकलेली, अशी लंगडत ती गॅरेजच्या दारात आली. तिची मालकीण, जनावरांची डॉक्टर, खाली उतरली.

"दादा, तुमचा भाऊ गॅरेज सोडून गेला," ती म्हणाली, "पण दोष काही त्याच्याबरोबर गेला नाही."

दादांनी चष्मा पुसला.

गाडी वीस वर्षांची, डोंगरवाटा तुडवून म्हातारी झालेली. तिला स्प्रिंगा नव्हत्या. चार चाकांवर रबराचे चार फुगे होते. त्यांत हवा भरली की ती उभी राही. पहिल्यांदा ती आली तेव्हा दादांनी खुर्चीत बसूनच निदान केलं होतं, फुगा गेलाय. फुगा बदलला. दोन आठवड्यांनी गाडी बसली, तेव्हा कॉम्प्रेसर दोषी ठरला. मग व्हॉल्व्ह. गाडीत निर्दोष असं फारसं काही उरलं नाही, तेव्हा चौथ्या वेळी दादांनी गाडीबाहेर शोध घेतला आणि दोष सापडला. धाकटा भाऊ.

"तुझ्या हाताला वळणच नाही," ते चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाले होते. "माझं नाव मातीत घालतोस."

बावीस वर्षं धाकटा त्यांच्या हाताखाली राबला होता. त्याने हात धुतले, आपले पाने गोळा केले आणि दुसऱ्या दिवशी बस डेपोत कामाला लागला. त्याला तीन आठवडे झाले होते. एकाच घरात राहून तो जिन्यात भेटला तर भिंतीकडे बघत जाई. दादांची बायको त्यांना जेवायला वाढी, पण बोलत नसे. दादांना मनातून फार लागलं होतं. पण प्रश्न तत्त्वाचा होता, आणि तत्त्व दादांचं होतं, म्हणजे ते बरोबरच असणार.

या गॅरेजात एक रीत होती. काम धाकट्याने करायचं आणि गाडी सोडण्याआधी शेवटचा हात दादांनी फिरवायचा. कुठे नट आणखी थोडा आवळायचा, कुठे एखाद्या नळीचं टोक कापून ती नव्याने बसवायची. दादांचा हात लागला की वर्षभर बघायला नको, असं लोक म्हणत. लोकांच्या आधी दादा म्हणत.

या खेपेला मात्र पंचाईत होती. चौथ्या वेळचं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्या दादांनी केलं होतं, आणि दुर्दैवाने त्यांना दुसरा भाऊ नव्हता.

डॉक्टर गेल्यावर त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि चोरून साबणाचं पाणी केलं. "दादा, साबण लावून बघू या," असं धाकटा दर वेळी म्हणायचा. "आंघोळ घरी कर," असं दादा दर वेळी म्हणायचे.

मागच्या डाव्या फुग्यात हवेची नळी शिरते, तिथे एक बुडबुडा आला. फुटला. दुसरा आला.

दादांनी नळी ओढून काढली. तिचं टोक तिरकं कापलेलं होतं. ते सरळ हवं; तिरकं असलं की हवा हळूहळू निसटते, आणि सकाळपर्यंत गाडी बसते. हे टोक ते दर वेळी स्वतःच्या पक्कडीने कापत आले होते. याच चाकाचं का, तर तो कोपरा त्यांच्या खुर्चीपासून सर्वांत जवळ होता.

ते तसेच ओल्या हातांनी डेपोत गेले. एका बसखालून धाकट्याचे पाय दिसत होते.

"नळी मी तिरकी कापत होतो," दादा पायांना म्हणाले.

"हो." धाकटा बाहेर आला. "पहिल्याच वेळी बघितलं मी."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमच्या हाताबद्दल? मी?"

"चुकलं माझं," दादा म्हणाले. हे शब्द त्यांनी आजवर कुणालाच ऐकवले नव्हते, त्यामुळे ते जरा अडखळतच बाहेर पडले. "चल परत. तुझ्यावाचून तिथे मला करमत नाही."

धाकट्याने डोळे पुसले आणि तोंडभर काळं ग्रीस फासून घेतलं. दादांना हसू आलं. मग कपाळाला आठी पडली.

"पण बावीस वर्षं माझा हात सगळ्याच गाड्यांना लागला. मग त्या कशा टिकल्या?"

"तुम्ही जेवायला घरी गेलात की मी ते पुन्हा नीट करायचो. या डॉक्टरीणबाईंना नेहमी घाई. तुमचा हात निघाला की लगेच गाडी सुरू, मला सवडच मिळायची नाही." धाकट्याने पाने पिशवीत भरले. "येतो मी, दादा. पण आधी सांगा, या तीन आठवड्यांत किती गाड्यांना हात लावलात?"