पोचट बी

हिमालयातल्या दुर्मिळ सूचिपर्णी झाडांचा अभ्यास करणारी रुचि सुट्टीत गावी, बिरसीला आली, तेव्हा तिने बापाला मूठभर बी दाखवलं. पुरनलालने धानाचं बियाणं पारखतात तसं ते मिठाच्या पाण्यात टाकलं. सगळं वर तरंगलं.

"हे तं पोचट आहे."

"त्या डोंगरावर एकच झाड उरलं, बाबूजी. दुसरं पल्याडच्या डोंगरावर. त्याचा पराग याच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून बी भरत नाही."

ती गेल्यावर त्याने तेच बी अंगणात पेरलं.

आधी रविवारचा फोन "जेवली का?" एवढ्यावरच संपायचा. आता पुरनलाल सांगतो, "अजून काही निघालं नाही."

आणि रुचि तिकडून म्हणते, "पाणी टाकत राहजा, बाबूजी. पुढच्या रविवारी सांगजा."