अर्ध्यावरची धाव

दाराला बाहेरून कडी लागली, आणि भोंग्याच्या लक्षात आलं की गोदामात आपल्याबरोबर एक अस्वल आहे.

भोंगा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. जॅमच्या कारखान्यात माल बाहेर पाठवायचं सगळं काम त्याच्या हाताखाली चाले. कारखान्याचा भोंगा बिघडला तरी आपलं अडत नाही, असं कामगार त्याच्या माघारी म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. त्याचा आवाज आला की बाया हातातली बरणी आधी खाली ठेवत, मग काय झालं ते बघत. पूर्वी तो असा नव्हता, असं जुनी माणसं सांगत. वय झालं की माणूस तापट होतो, असं म्हणून सगळ्यांनी ते सोडून दिलं होतं.

अस्वल वासावर आलं असावं. मागचं शटर अर्धं उघडं होतं. त्याखालून ते आत शिरलं आणि धक्का लागून शटर धाडकन खाली आलं. त्या आवाजानं धावत आलेल्या कारकुनाला खोक्यांआड काळं धूड दिसलं. साहेब आत आहेत हे विसरून त्यानं दाराला कडी घातली आणि धूम ठोकली. आठवण झाली तेव्हा कडी काढून उपयोग नव्हता. साहेब एका कोपऱ्यात होते, दार दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये अस्वल.

भोंग्यानं जे त्याला येत होतं ते केलं.

"हाऽट्!"

अस्वल सरळ अंगावर धावून आलं. भोंगा पालीसारखा भिंतीला चिकटला. हातभर अंतरावर येऊन ते थांबलं. त्यानं पुढचे पंजे फरशीवर दाणकन आपटले, जबडा कटकट वाजवला, आणि मागे सरकत सरकत पुन्हा खोक्यांपाशी गेलं.

बाहेर कुणीतरी शहाण्यानं पत्रा बडवला. अस्वल पुन्हा धावून आलं, आणि पुन्हा थांबलं.

आता भोंग्याला नवल वाटायला लागलं. मारायचं तर मारून मोकळं व्हावं. येतं काय, थांबतं काय, परत जातं काय! हे आहे तरी काय? जीव मुठीत धरून तो बघत राहिला. अस्वल त्याच्याकडे बघतच नव्हतं. त्याची नजर सारखी शटरकडे जात होती. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. मागचे पाय थरथरत होते, आणि त्या पायांखाली फरशी ओली झाली होती.

डोक्यावरच्या जाळीच्या खिडकीतून एका बाईंचा आवाज आला. जंगल खात्याच्या बाई येऊन पोहोचल्या होत्या.

"दादा, हलू नका. आणि अजिबात ओरडू नका. किती वेळा धावून आलं?"

"दोनदा," तो म्हणाला.

बाहेर कुजबुज झाली. कारकून म्हणाला, "बाई, आत दुसरंच कुणीतरी आहे. हा आमच्या साहेबांचा आवाज नाही."

"मीच आहे रे गाढवा," भोंगा पुटपुटला. मग वर मान करून त्यानं विचारलं, "बाई, हे मध्येच थांबतं का हो?"

"घाबरलंय ते."

"एवढं मोठं जनावर?"

"आकारावर काय असतं दादा? खायला उठलेलं अस्वल आवाज करत नाही. दुसरं काही सुचेनासं झालं की ते असं धावून येतं. आम्ही शटर उचलतो. तुम्ही फक्त त्याला जाऊ द्या."

शटर हळूहळू वर गेलं. फरशीवर उजेडाचा पट्टा पसरला. अस्वलानं नाक वर केलं, जरा वेळ तसंच उभं राहिलं, आणि मग ढुंगण हलवत बाहेर पडून कुंपणापलीकडच्या झाडीत शिरलं.

कामगारांनी साहेबांना गराडा घातला. कारकून पाया पडायला वाकला. आता तोफ उडणार म्हणून सगळे श्वास रोखून उभे होते. भोंगा म्हणाला, "असू दे. तूही घाबरला होतास," आणि पायीच घरी निघाला. डोक्यात काहीतरी घोळत होतं. ते त्याला शब्दांत धरता येत नव्हतं.

घरी मुलीची बॅग खोलीच्या मधोमध उघडी होती. तिला जहाजावर इंजिनियरची नोकरी लागली होती. गेले काही दिवस त्या घरात विषय एक होता आणि आवाजही एकाचाच होता. कालच तो म्हणाला होता, "गेलीस तर हे घर तुला मेलं." शेजाऱ्यांनीही ते ऐकलं होतं.

अस्वलाची बातमी तिच्यापर्यंत पोहोचली नव्हती. भरलेली बॅग पाहताच बाबा तरातरा खोलीत आले, हात उगारल्यासारखा वर गेला, आणि ते अर्ध्यावरच थांबले.

"बोला," ती म्हणाली. तिनं पाठ ताठ केली होती. "काय ओरडायचं ते ओरडून घ्या. मी जाणार आहे, बाबा."

आवाज आलाच नाही. हात खाली आला आणि त्यानं खुर्चीची पाठ धरली. खुर्ची खडखडायला लागली. तेव्हा तिला दिसलं की बाबांचा हात कापतोय.

"बाबा? बरं नाही का तुम्हाला? आज ओरडत का नाही?"

"बरा आहे गं," तो म्हणाला. "घाबरलोय. तुझी आई गेली तेव्हापासून नुसता घाबरलोय."